मिस ओझेलाचं पुन्हा उठलेलं झाड

तुमच्या गावात एका झाडासाठी डोक्यात रोलर आणि गळ्यात टॉवेल, अशा अवतारात भर थंडीत रस्त्यावर उतरणाऱ्या बायका आहेत का? नाहीत ना? मग आमच्या गावाला हसायचं काम नाही. आमच्याकडे आहेत, आणि त्यांची म्होरकी आहे मिस ओझेला पिंकनी.

आमचं हॅरोज फोर्क म्हणजे साउथ कॅरोलायनाच्या डोंगरपायथ्याचं गाव. इथे पीच होतात, सफरचंदं होतात, भांडणं तर बारमाही होतात. संत्रं होत नाही. हिवाळ्यात कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी दगड होतं, तिथे संत्रं काय करील? हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं. मिस ओझेलाला कळत नाही. कारण तिला कळून घ्यायचंच नाही, आणि अशी माणसं मला फार आवडतात. मी स्वतः बसथांब्यासाठी, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी, नळाच्या लाल पाण्यासाठी नगरपालिकेशी तोंड वाजवत आलेय. पण हट्ट म्हणजे काय हे मी शिकले ते मिस ओझेलाच्या पार्लरमध्ये, डोक्याला शाम्पूचा फेस लावून.

तिचं पार्लर माउंट नीबो चर्चला अगदी खेटून आहे. लाल विटांची भिंत, दक्षिणेला तोंड. दिवसभर ऊन पिऊन ती भिंत संध्याकाळी अशी उबदार असते की मांजरं तिला पाठ लावून बसतात. याच भिंतीशी मिस ओझेलानं एक कलम लावलं. सत्सुमा. सुटी साल, गोड रस, मधाळ वासाचं छोटं संत्रं. फ्लोरिडाच्या हद्दीवरच्या एका रोपवाटिकेतून तिनं ते आणलं होतं, गाडीत पुढच्या सीटवर बसवून, पट्टा लावून.

का, ते ती ज्याच्या-त्याच्या केसांत कंगवा फिरवताना सांगायची. पोरवयात आईबापांबरोबर ती फ्लोरिडात संत्री तोडायला जायची. दिवसभर शिडीवर. आणि संध्याकाळी मुकादम बायापोरींचे एप्रन झटकून बघायचा, कुणी एखादं फळ खोचून नेतंय का. "त्या दिवशीच ठरवलं," मिस ओझेला म्हणायची, "एक झाड असं लावीन, की त्याच्याखाली माझा एप्रन झटकायची कुणाच्या बापाची टाप नसेल. मान सरळ ठेव, पोरी, भांग वाकडा येतोय."

तर ते कलम लागलं, तरारलं, आणि मग आला तो मोठा गारठा. सकाळी उठून बघतो तर झाड काळंठिक्कर. साल उभी फाटलेली, पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबतायत. मिस ओझेलानं पार्लरच्या दाराला काळी रिबीन बांधली. तिच्याकडे केस धुवायला असणारी लुव्हिनिया म्हणाली, "उपटून टाकू या का?" तर तिला असं काही ऐकावं लागलं की ती बिचारी आठवडाभर फक्त गिऱ्हाइकांच्या टाळूशी बोलत होती.

मे महिना आला, आणि त्या काळ्या बुंध्याच्या तळातून हिरवी फूट निघाली!

त्या रविवारी चर्चमध्ये साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ झाली तशी मिस ओझेला उठली. टोपीवरची पिसं थरथरत होती. "भावांनो, बहिणींनो, माझं संत्रं मेलं होतं. मी त्याला गाडलेलं नव्हतं, तेवढंच. आज ते उठलंय!" बस. ऑर्गनवाल्यानं सूर धरला, बायका उभ्या राहिल्या, लुव्हिनियाला तर घेरीच आली, तिला दोघींनी पंख्यानं वारा घातला. सगळं चर्च टाळ्या पिटत होतं. एकटे चर्चचे कारभारी, डीकन थॅडियस मोब्ली, हाताची घडी घालून बसलेले.

डीकन मोब्लींची हयात पीचच्या बागेत कलमं बांधण्यात गेली. शाळेत मिस ओझेलाच्या वर्गातलेच. चारचौघांत ती त्यांना "डीकन, तुम्ही" म्हणते, डोकं फिरलं की "थॅडियस, तू." त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर डोकं लगेच फिरलं.

"ओझेला, उठलाय तो खुंट," डीकन म्हणाले. "वरचं कलम गेलं. खाली ज्या जंगली रोपावर ते बांधलं होतं, त्याची ही फूट आहे."

"तुझ्या तोंडात माती, थॅडियस!"

"पान बघ ना. संत्र्याचं पान एकेकटं असतं. याला तीन-तीन आहेत. आणि काटे बघ, माझ्या बोटाएवढे."

"मरणातून परत आलेल्याला थोडे काटे फुटणारच!" मिस ओझेला गरजली. डीकन मान हलवत पायऱ्या उतरून गेले.

झाड वाढत गेलं. भिंतीच्या वर गेलं, काट्यांनी पार्लरच्या पडद्याचं पार जाळं केलं. थंडीला ते मुळीच दाद देईना. हिवाळ्यात अर्धी पानं गाळायचं, अर्धी तशीच मिरवायचं. पण फळ? नाव नको. वर्षामागून वर्षं गेली. पीचवाले येता-जाता विचारायचे, "मिस ओझेला, ज्यूस केव्हा?" ती म्हणायची, "तुला दात येतील तेव्हा."

शेवटी लुव्हिनियाला राहवलं नाही. बाईचं भलं करायला म्हणून तिनं बाजारातून संत्री आणली आणि केसांच्या पिनांनी झाडाला टांगली. गाव लोटलं. फोटो निघाले. मग डीकन मोब्लींनी चष्मा पुसला, एक संत्रं हळूच फिरवलं, आणि त्यावरचा दुकानाचा चिकटलेला बिल्ला सगळ्यांना दाखवला. मिस ओझेला तेव्हापासून लुव्हिनियाला बाजारात एकटीला पाठवत नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण भिंत मिस ओझेलाची आणि भिंतीखालची माती चर्चची, आणि चर्चला गाड्या लावायला जागा कमी पडू लागली. बैठक बसली. ठराव आला: काटेरी झाड काढा, तिथे डांबर करा. मी ताडकन उठले. म्हटलं, "गाड्या रविवारी दोन तास येतात, झाड वर्षभर उभं असतं. आधी डांबरालाच साक्ष द्यायला लावा!" आरडाओरडा झाला. मला दोनदा खाली बसवलं, मी तीनदा उठले. शेवटी डीकन मोब्लीच म्हणाले, "ऐका. या वर्षी झाडाला फुलं आलीत, मी बघितलीत. सुगीच्या रविवारी, चर्चच्या जेवणाला, सगळ्यांदेखत, ओझेलानं झाडावरून फळ तोडायचं. आधी तोडून ठेवलेलं चालणार नाही, पिनेनं टांगलेलं तर मुळीच नाही. आणि लोकांनी ते खुशीनं तोंडात घातलं, तर झाड राहील. नाही घातलं, तर सोमवारी करवत."

"कबूल," मिस ओझेला म्हणाली. तिच्या आवाजात कंप होता तो रागाचा, असं मी त्या वेळी समजले.

फळं धरली. मोजकी, पण धरली! हिरवे गोळे फुगत गेले, टेनिसच्या चेंडूएवढे झाले, त्याहून मोठे झाले. सत्सुमा एवढं मोठं नसतं हे सगळ्यांना दिसत होतं, आणि पार्लरच्या खुर्चीत बसून हे बोलायची कुणाची छाती नव्हती. शेंदरी व्हायच्या ऐवजी ती पिवळी पडायला लागली, तेव्हा लुव्हिनिया चाचरत म्हणाली, "पिवळी दिसतात, नाही?"

"सिग्नल बघितलायस ना? हिरव्यानंतर आधी पिवळाच येतो. तू गाडी थांबव आणि गप्प बस."

आणि सुगीच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी रेडिओ म्हणाला, कडाका येतोय. अवेळी, आणि असा, की नळ उघडे ठेवा, म्हाताऱ्यांची चौकशी करा. एवढी थंडी झाड सोसेल, फळ सोसत नाही. आतून बर्फ होतं, मग नुसता चोथा. आणि आधी तोडायचं नाही, ही अट!

शुक्रवार म्हणजे पार्लर भरलेलं. गावातल्या निम्म्या बायका केस वाळवायच्या गरम हवेच्या टोपांखाली बसलेल्या, डोक्यांत रोलर, हातांत मासिकं. मिस ओझेला मधोमध उभी राहिली. "डोकी बाहेर काढा! टोप झाडाला लागणार आहेत."

"अहो मिस ओझेला, माझे केस ओले आहेत!"

"तुझ्या केसांना फळं लागलीत का? ऊठ!"

यानंतर जे झालं त्याला मी सभा म्हणू, मोर्चा म्हणू की तमाशा, मला अजून ठरवता येत नाही. चाकांवरचे ते उंच टोप खडखडत दाराबाहेर निघाले, मागून रोलरवाल्या बायका, टॉवेल फडफडतायत, नाकातून वाफा येतायत. कुणी घरून गोधड्या आणल्या, आजीच्या, पणजीच्या, तुकड्या-तुकड्यांच्या. शिडी आली. गोधड्या झाडावर टाकताना काट्यांत अडकायच्या, ओढताना टराटर फाटायच्या, आणि कुणाची तरी बोंब उठायची, "अगं, ते माझ्या आईच्या लग्नातलं ठिगळ!" एकीचा विग काट्याला लागला तो लागलाच. तिनं डोक्यावर टॉवेल घट्ट बांधला आणि म्हणाली, "राहू दे. झाडालाही डोकं झाकायला हवंच."

लुव्हिनियानं नाताळच्या दिव्यांच्या माळा आणल्या. मिस ओझेलानं एक दिवा मुठीत धरला आणि फेकला. "हे नव्या पद्धतीचे थंड दिवे. शोभेला ठीक आहेत. मला जुने दिवे आण, हात लावला की चटका बसणारे. तापट दिवे हवेत मला, तापट!"

जुन्या माळा पोटमाळ्यांवरून निघाल्या. लाल, हिरवे, निळे. गोधड्यांच्या आत दिवे, खाली ऊब धरायला पाण्याच्या बादल्या, बुंध्याशी मातीचा ढीग, आणि भोवती टोप गुरगुरतायत. सूर्य टेकला होता. झाड आतून उजळलं, डोक्यावर विग, पोटात रंग, जणू एखादी जाडजूड बाई पार्टीला निघालीय! आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि सगळं विझलं.

पार्लरचा फ्यूज. एवढं ओझं त्याला कुठलं झेपायला? जवळची वीज एकच, चर्चची. चर्चच्या बाजूच्या दाराची किल्ली डीकन मोब्लींकडे.

"मी त्या माणसाकडे मागायची नाही," मिस ओझेला म्हणाली.

"मी मागते," मी म्हटलं.

"तू मागितलंस तर भांडण होईल."

"मग भांडण मागते!"

मी रस्ता ओलांडते न ओलांडते तोच डीकन समोरून येताना दिसले, कानटोपी घातलेली, खांद्यावर केबलचं वेटोळं. माझ्याकडे न बघता त्यांनी दार उघडलं, एक तार प्रार्थनेच्या दालनातून, दुसरी स्वयंपाकघरातून काढली. झाड पुन्हा पेटलं. मिस ओझेला म्हणाली, "डीकन, तुम्ही? तुम्हाला तर हे झाड नकोय."

"अट म्हणजे अट," ते गुरगुरले. "पण गोठून गेलेल्या फळांवर जिंकायला मी काय गिधाड आहे? तो टोप मागे घे, पानं भाजतील."

शनिवार कुडकुडत गेला. पार्लरमध्ये केस वाळवायला टोप नव्हते. बायका ओल्या डोक्यांनी चुलीपुढे ओणव्या बसल्या. रविवारी पिसांच्या टोप्यांखाली कुणाचेही केस धड नव्हते, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

प्रवचन मला आठवत नाही. आमच्या पाद्रीबाबांनाही आठवत नसेल, त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. आमेन झालं आणि सगळे झाडाशी पळाले. गोधड्या निघाल्या. काही पानांच्या कडा करपल्या होत्या. पण फळं! टणक, तुळतुळीत, लिंबासारखी लख्ख पिवळी. मिस ओझेला शिडीवर चढली, इस्त्रीचा पांढरा एप्रन बांधून. एकेक फळ तोडून एप्रनमध्ये टाकत गेली. खाली उतरली तेव्हा एप्रन घट्ट धरून उभी होती, आणि कुणी हात लावलाच तर चावेल अशी दिसत होती.

चर्चच्या अंगणात टेबलं मांडली होती. तळलेली मासळी, मक्याचा पाव, रताळ्याची मिठाई, शिजवलेली पालेभाजी. लुव्हिनियानं फळं चिरली. आत बिया, बिया आणि बिया. रस निघाला, साखर पडली, मोठी बरणी भरली. पेले फिरले.

काय सांगू! माझा घोट गेला तो थेट कानांतून बाहेर आला. आंबट, त्यामागून कडू, त्यामागून डिंकासारखं काहीतरी टाळूला चिकटलेलं. समोर बघते तर सगळ्या मंडळींचे चेहरे उन्हात वाळत घातलेल्या चिंचेसारखे. एकजण म्हणाला, "बरंय... म्हणजे... जागं व्हायला बरंय." दुसऱ्यानं पेला गुलाबाच्या मुळाशी ओतला. "साखर घाला अजून!" मिस ओझेला ओरडली. घातली. काही उपयोग नाही. आता ते गोड कडू झालं.

डीकन मोब्लींनी पेला तळापर्यंत प्यायला, इमानदारीत. मग रुमालानं तोंड पुसलं. "ओझेला, यानं माझ्या ट्रॅक्टरचा गंज निघेल. पण खुशीनं कुणी तोंडात घालेल, असं मला दिसत नाही."

मिस ओझेला बरणी छातीशी धरून उभी. पिसं हलायची थांबली होती. सोमवार आला होता. फक्त कॅलेंडरवर यायचा राहिला होता. मी काहीतरी घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि मला एकही घोषणा सुचली नाही. माझ्या आयुष्यात असं झालेलं नाही.

लोक ताटांकडे वळले. डीकनही वळले. डीकन मोब्ली लिंबाशिवाय मासा खात नाहीत, आणि लिंबं संपली होती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टेबलावर त्या पिवळ्या फळांच्या काही फोडी उरल्या होत्या. त्यांनी एक उचलली, गरम मासळीवर पिळली, आणि घास घेतला.

चावायचे थांबले.

मग दुसरी फोड उचलली. या वेळी सालही दाबून पिळली. असा वास सुटला, असा वास, की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या!

"डीकन, काय करताय?" मी विचारलं.

"मासा खातोय."

"खुशीनं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बसच. पण तोपर्यंत लुव्हिनियानं फोड पळवली होती, मग तिच्या शेजारणीनं, मग ऑर्गनवाल्यानं. "अगं, पालेभाजीवर पिळून बघ!" "माझ्याकडे दे, तिखट सॉस नको, हेच दे!" टेबलाशी झुंबड उडाली. उरलेली फळं चिरली. कुणी मला कोपर मारलं, मी कुणाला तरी मारलं. एक टोपी ताटात पडली. ज्या माणसानं पेला गुलाबाला पाजला होता तो मासळीच्या दुसऱ्या ताटासाठी रांगेत उभा होता, आणि मी त्याला अगदी शेवटी पाठवलं.

डीकन हात चाटत मिस ओझेलासमोर आले. "झाड राहील," म्हणाले. "पण ओझेला, हे सत्सुमा नाही. तुलाही माहीत आहे."

आता तिला कुणाची सक्ती नव्हती. जिंकलेली बाई. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. तिनं एक फोड घेतली, नुसतीच तोंडात टाकली, डोळे मिटले, चेहऱ्याचा पार चोळामोळा झाला. आणि ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पिसं, मग टेबल. खुर्चीवर चढली. चर्चच्या सगळ्या मंडळींसमोर.

"साक्ष द्यायची आहे!"

"दे, बहिणी!"

"मी लावलं होतं ते मेलं. ठार मेलं! मी त्याच्यासाठी पुरतं रडले नाही, म्हटलं ते उठलंय. उठलं ते दुसरंच होतं. मी त्याला मेलेल्याच्या नावानं हाका मारत राहिले आणि ते बिचारं ओ देत राहिलं. खुंट आहे हा, खुंट! वरचा गोड मिरवत होता तेव्हा खाली मातीत राबणारा. देवा, याची चव भयंकर आहे, आणि ते माझं आहे!"

"आमेन!" असा गजर झाला की छपरावरची कबुतरं उडाली.

डीकन घसा खाकरून म्हणाले, "एक मलाही सांगायचंय. मला वाटलं होतं, नुसतं काटेरी जंगली आहे. ते असतं तर फळ लिंबाएवढं आलं असतं, वर लव असती, आणि पहिल्याच थंडीत झाड पार बोडकं झालं असतं. हे तसं नाही. ग्रेपफ्रूट आणि ते जंगली, दोघांचा संकर आहे हा. रोपवाटिकेवाले तोही खुंटाला वापरतात."

मिस ओझेलाचे डोळे चमकले. "म्हणजे तूसुद्धा चुकलास!"

"थोडासा."

"थॅडियस चुकला! ऐकलंत का सगळ्यांनी? लुव्हिनिया, ऐकलंस? थॅडियस मोब्ली चुकला!" झाड वाचल्याचा आनंद झाला होता त्याच्या दुप्पट आनंद तिला याचा झाला. खुर्चीवर ती नाचली, खुर्चीनं एक पाय सोडला, आणि डीकननी तिला झेललं. त्यावर गावात जे बोललं जातं ते मी लिहिणार नाही.

डांबर झालं. एक गाडी कमी बसते. ती गाडी कुणाची असावी यावर पुढच्या बैठकीत भांडण आहे, आणि मी जाणार आहे.

आणि बिया आहेत. ओंजळी भरून आहेत, आणि डीकन सांगतात की या झाडाच्या बहुतेक बिया आईवरच जातात, कलमाची गरज नाही. म्हणून शनिवारी पार्लरला या. केस करा, नका करू. पण मूठभर बिया घेऊन जा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी, उघड्या जमिनीत लावा. कडाक्यानं ते जमिनीपर्यंत जळालं, काळं पडलं, शेजारी हसले, तरी मे संपेपर्यंत त्याला हात लावू नका. एवढं माझं ऐका.